समुद्राचं पाणी अंघोळीलायक आहे, हे ठरतं कसं?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं मिळून सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. पाणी इतकं निवळ, की गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसत होती. पोरं दिवसभर पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. परतीच्या वाटेवरच चारांपैकी तिघांना उलट्या-जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘समुद्रात डुंबलात का?’ घरचे म्हणतात, दोष किनाऱ्यावरच्या भेळेचा. समुद्राचं पाणी कुणी तपासतं का? आणि किनाऱ्यावर उभं राहून आपल्यासारख्याला काही ओळखता येतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : भेळ की समुद्र, याचा निकाल आता लागणार नाही. पोट बिघडवणारे बरेचसे विषाणू अंगात शिरल्यापासून एक-दोन दिवसांत रंग दाखवतात, आणि त्या दोन दिवसांत मुलांनी भेळही खाल्ली आणि समुद्रही प्यायला. ‘प्यायला’ हा शब्द मुद्दाम वापरला. अमेरिकेत काही संशोधकांनी पोहणारी माणसं नकळत किती पाणी गिळतात हे मोजलं होतं. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन उन्हात टिकावं म्हणून सायन्युरिक आम्ल घालतात. ते पोटात गेलं की न बदलता लघवीवाटे बाहेर पडतं. संशोधकांनी पोहणाऱ्यांची चोवीस तासांची लघवी गोळा केली, त्यातलं ते आम्ल मोजलं आणि उलटा हिशोब मांडला. पाऊण तासात मोठ्या माणसांनी सरासरी १६ मिलिलिटर पाणी गिळलं होतं आणि मुलांनी ३७. म्हणजे मोठ्यांनी चहाचे तीन चमचे, मुलांनी सात. तुमची मुलं दिवसभर पाण्यात होती. समुद्राचं पाणी खारट म्हणून थोडं कमी गेलं असेल, पण लाटा तोंडावर येतात त्याचं काय? तेव्हा डॉक्टरांचा प्रश्न रास्तच होता.

आता तुमच्या ‘निवळ’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. आपण पाण्याची परीक्षा डोळ्यांनी करतो. मालवण-तारकर्लीचं पाणी दिवाळीनंतर नितळ होतं, त्याला आपण स्वच्छ म्हणतो. अलिबाग-मुरुडचं पाणी बारा महिने गढूळसर, त्याला घाण म्हणतो. पण रायगडच्या पाण्यातला गढूळपणा बराचसा खाड्यांतून येणाऱ्या गाळाचा आणि उथळ तळ ढवळला गेल्याचा असतो. मातीने कुणाचं पोट बिघडत नाही. उलट जंतू हा जेमतेम मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा जीव. पेलाभर पाण्यात असे लाखभर असले, तरी पाणी काचेसारखंच दिसेल. मग गढूळपणा मोजतच नाहीत का? मोजतात. आंजेलो सेक्की नावाच्या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडून ती कुठवर दिसते हे पाहिलं. ती ‘सेक्की तबकडी’ आजही वापरात आहे. पण ती पाण्याचा नितळपणा सांगते, पिण्या-गिळण्याचा धोका सांगत नाही.

धोका असतो तो मैल्याचा. सांडपाण्यातून रोगाचे जीव येतात ते नाना जातींचे : नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, हगवणीचे, काविळीचे, टायफॉइडचे. एकेकाला वेगळं शोधायचं तर प्रयोगशाळा थकेल, आणि ते दर वेळी सापडतीलच असंही नाही. म्हणून चोराऐवजी चोराच्या पावलांचा माग काढतात. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात काही निरुपद्रवी जिवाणू कोट्यवधींनी राहतात. ते पाण्यात सापडले, की मैला तिथवर पोचला हे नक्की, आणि मैला पोचला असेल तर त्याच्या पाठोपाठ रोगही पोचला असण्याची शक्यता धरायची. हे मागाचे जिवाणू म्हणजे फीकल कोलिफॉर्म. अहवालांत ‘एफसी’ हीच अक्षरं दिसतात.

आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या पाण्याची केंद्र सरकारने वापरानुसार पाच वर्गांत विभागणी केली आहे. ही अधिसूचना १९९८ ची. पहिला वर्ग मिठागरं, शिंपल्यांची मासेमारी आणि मत्स्यशेती यांचा. दुसरा वर्ग आपल्या कामाचा : अंघोळ, पोहणं, अंगाला पाणी लागेल असे खेळ, आणि व्यापारी मासेमारी. तिसऱ्या वर्गाचं पाणी कारखान्यांच्या यंत्रांना थंडावा द्यायला आणि दुरून पाहायला ठीक. चौथा बंदरांचा, पाचवा जहाजांच्या वाटेचा आणि नियंत्रित सांडपाण्याचा. दुसऱ्या वर्गाला, म्हणजे ‘एसडब्ल्यू-२’ ला, अटी अशा : पीएच ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, गढूळपणा ३० एनटीयूपर्यंत, जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे बीओडी, ३ मिलिग्रॅमपर्यंत, रंग-वास जाणवेल असा नको, आणि फीकल कोलिफॉर्म १०० मिलिलिटरला १००. थोडी सूटही आहे : वर्षातल्या २० टक्के नमुन्यांत आणि पावसाळ्यातल्या सलग तीन नमुन्यांत सरासरी २०० पर्यंत चालते.

यादीतल्या पहिल्या गोष्टी माशांच्या जिवाच्या अधिक आणि पोहणाऱ्याच्या पोटाच्या कमी. तुमच्या मुलांसाठी बघायचा तो शेवटचा आकडा. आणि इथे एक गंमत आहे. नदीत स्नान करायला जे मानक आहे, त्यात फीकल कोलिफॉर्म ५०० पर्यंत इष्ट आणि कमाल २,५०० पर्यंत चालतात. समुद्राला मात्र १००. म्हणजे घाटावर जे पाणी नियमात बसतं, त्याच्या पंचविसाव्या हिश्शाला समुद्रात आपण रेघ ओढली आहे. पण याच नदीच्या मानकात आतड्यातल्याच दुसऱ्या एका जातीची, फीकल स्ट्रेप्टोकोकायची, मोजणीही आहे. समुद्राच्या दुसऱ्या वर्गात ती नाही. मला हे उलटं वाटतं, आणि का ते सांगतो.

अमेरिकेत १९७० च्या दशकात व्हिक्टर कॅबेली यांनी न्यूयॉर्क, बोस्टन आणि न्यू ऑर्लिन्सजवळच्या किनाऱ्यांवर एक साधीच पण चिकाटीची गोष्ट केली. किनाऱ्यावर आलेल्या कुटुंबांना गाठायचं, त्या दिवशीचं पाणी तपासायचं आणि काही दिवसांनी फोन करून विचारायचं, कुणाचं पोट बिघडलं का? डोकं बुडवून पोहलेले आणि न पोहलेले यांची तुलना केल्यावर दिसलं, की आजाराचा आकडा कोलिफॉर्मबरोबर नीटसा वर-खाली होत नाही, तो एंटरोकोकायबरोबर होतो. एंटरोकोकाय म्हणजे त्या स्ट्रेप्टोकोकायच्याच घराण्यातले, पण मीठ सोसणारे. कोलिफॉर्म खाऱ्या पाण्यात लवकर मरतात, रोगाचे विषाणू मात्र मागे राहतात. पावलांचे ठसे पुसले जातात आणि चोर घरातच असतो. एंटरोकोकाय चोराइतकेच चिवट, म्हणून त्यांची साक्ष विश्वासाची. पुढे १९८९ ते १९९२ या काळात ब्रिटनमधल्या चार किनाऱ्यांवर हजारावर धडधाकट स्वयंसेवकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं, अर्ध्यांना पाण्यात पाठवलं, अर्ध्यांना वाळूवर बसवलं, आणि पोहणाऱ्यांच्या आसपासचं पाणी थोड्या-थोड्या वेळाने भरून घेतलं. १०० मिलिलिटरमागे तीसेक स्ट्रेप्टोकोकायच्या वर गेलं, की पोहणाऱ्यांत पोटाचे आजार वाढू लागतात, असं त्यातून निघालं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये ज्या पायऱ्या लावल्या, त्या याच प्रयोगावर उभ्या आहेत. शंभरांतले पंच्याण्णव नमुने ४० एंटरोकोकायच्या आत असतील, तर पाणी ‘अ’ वर्गाचं : एका पोहण्यामागे पोट बिघडण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. २०० पर्यंत ‘ब’, एक ते पाच टक्के. ५०० पर्यंत ‘क’, पाच ते दहा. त्याच्या वर ‘ड’, दहातल्या एकाहून जास्त. हे हिशोब धडधाकट मोठ्या माणसांचे. मुलांसाठी यापेक्षा सावध राहावं.

आता तुमचा दुसरा भाग : तपासतं का कुणी? तपासतं. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्यातल्या नद्या, खाड्या आणि किनाऱ्यांवरच्या ठरावीक जागांचे नमुने घेतं आणि आकडे संकेतस्थळावर टाकतं. मुंबईच्या चौपाट्या त्यात आहेत, आणि जुहू, दादर, गिरगावचे कोलिफॉर्मचे आकडे वर्षातला बराच काळ मर्यादेच्या वर असतात, हे त्या नोंदी उघडणाऱ्याला कळतं. मुंबईचं सांडपाणी सात ठिकाणी गोळा होतं. वरळी आणि वांद्रे इथून ते साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या बोगद्यांतून समुद्रात सोडलं जातं. पण चौपाटीच्या पाण्याचा खरा वैरी तो बोगदा नव्हे. खरा वैरी नाला. जुहूच्या उत्तर अंगाला इर्ला नाला समुद्राला मिळतो, माहीममध्ये मिठी नदी. ज्या वस्तीला गटार नाही, तिचं सगळं या नाल्यांतून सरळ किनाऱ्याच्या कुशीत येतं. वर्सोव्याच्या पुळणीवरचा कचरा अफरोज शाह आणि त्यांच्या साथीदारांनी २०१५ पासून उचलला, त्याचं मोल मोठंच आहे. फक्त बाटली हाताने उचलता येते, एंटरोकोकाय येत नाहीत. वाळू लख्ख आणि पाणी नापास, असं होऊ शकतं.

नमुना घेणं वरून सोपं दिसतं. विद्यार्थ्यांना घेऊन मी हे वर्षानुवर्षं केलं आहे, आणि पहिल्या दिवशी निम्म्या बाटल्या बाद होतात. बाटली आधी वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेली. गुडघा-मांडीएवढ्या पाण्यात जायचं, आपण ढवळलेला गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं, बूच काढताना त्याच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही (सगळे लावतात), बाटली उपडी धरून वीतभर खाली न्यायची आणि मग प्रवाहाकडे तोंड करून वर फिरवायची. वर दोन बोटं मोकळी ठेवायची, नाहीतर प्रयोगशाळेत हलवता येत नाही. बर्फाच्या पेटीत, उन्हापासून झाकून, सहा तासांच्या आत प्रयोगशाळा गाठायची. कोकणातल्या रस्त्यांवर हे सहा तास हीच खरी परीक्षा.

पुढे नऊ नळ्या. तीन नळ्यांत १० मिलिलिटर पाणी, तीनांत १, तीनांत ०.१. आत जिवाणूंचा खुराक आणि एक चिमुकली नळी उपडी बुडवलेली. जिवाणू वाढले, की वायू सुटतो आणि त्या उपड्या नळीच्या टोकाशी बुडबुडा अडकतो. हरभऱ्याच्या डाळीएवढा बुडबुडा, बस. तोच पुरावा. ज्या नळ्यांत बुडबुडा दिसला त्यांतला थेंब दुसऱ्या खुराकात घालून ४४.५ अंशांवर चोवीस तास ठेवायचा. एवढ्या उष्णतेत आतड्यातलेच टिकतात, मातीतले बरेचसे गळतात. मग किती नळ्या ‘लागल्या’ ते मोजून तक्त्यात आकडा बघायचा. समजा, पहिल्या तीनही लागल्या, दुसऱ्यांतली एक, तिसऱ्यांतली एकही नाही. तक्ता सांगतो ४३. आपण आनंदाने लिहितो : ४३, म्हणजे १०० च्या आत, पाणी उत्तीर्ण. पण त्याच तक्त्यात बाजूला छापलेलं असतं, की खरा आकडा ९ पासून १८० पर्यंत कुठेही असू शकतो. या पद्धतीचं नावच ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ असं आहे. अहवालात ‘एमपीएन’ लिहितात ते हेच. म्हणून एका नमुन्यावरून कुठल्याही किनाऱ्याला शिव्या देऊ नयेत आणि शाबासकीही देऊ नये. निदान हंगामभराचे आकडे ओळीने बघावेत.

शनिवारी सकाळी भरलेल्या बाटलीचं उत्तर मंगळवारी मिळतं. शनिवार-रविवारी डुंबलेली माणसं तोवर ऑफिसात बसलेली असतात. ही अडचण जगात सगळीकडे आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाऊस पडून सेन नदीचं पाणी बिघडलं आणि पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. तिथे नदीवर रोजची पाळत होती, तरी ही गत. आपल्याकडे किनाऱ्यावर पॅरासेलिंगच्या दरांचा फलक असतो, उंट आणि घोड्याच्या फेरीचाही असतो. गेल्या महिन्याच्या पाण्याचा आकडा लिहिलेला साधा काळा फळा मी आजवर कुठेच पाहिलेला नाही. ग्रामपंचायतीला खडू-फळ्याचा खर्च जड नाही.

तोवर तुम्ही काय करायचं? आकडा उशिरा येतो, पण आकडा कशाने वाढतो ते माहीत आहे. ते डोळ्यांनी दिसतं.

किनाऱ्यावर पोचलात की पाण्यात धावण्याआधी पुळणीवरून दोन्हीकडे चालून या. वाळूतून वाहत येणारा ओहोळ दिसतो का? सिंधुदुर्गात त्याला व्हाळ म्हणतात, रत्नागिरीकडे पऱ्ह्या. मुलांना हे जाम आवडतं, कारण पाणी उथळ, कोमट आणि लाटा नाहीत. लहानग्यांना तिथेच बसवतात. आणि नेमकं तेच सगळ्या किनाऱ्यावरचं सर्वांत संशयास्पद पाणी असतं. व्हाळ वर कुठून येतो ते बघा : बागांतून की घरांमागून? कोकणातल्या किनारपट्टीवर गेल्या काही वर्षांत घरगुती निवासांची रांग उभी राहिली आहे, त्यांतल्या बहुतेकांचा मैला शोषखड्ड्यात जातो. वाळूत शोषखड्डा खणला, पाण्याची पातळी वर असली आणि माणसं चौपट झाली, की पाणी गाळलं जाण्याआधीच बाहेर पडतं. एका प्रसिद्ध किनाऱ्यावर, नाव घेत नाही, मी शौचालयाच्या भिंतीमागून निघालेला ओहोळ तीस-चाळीस पावलांत समुद्राला मिळताना पाहिला, आणि त्याच्या मुखाशी दोन मुली किल्ला बांधत होत्या. तुमचा किनारा कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण चार मुलं दिवसभर पाण्यातून निघाली नाहीत म्हणता, तेव्हा ती कुठल्या पाण्यात बसली होती, हे जरा आठवून बघा.

दुसरं, पाऊस. पाऊस पडला की गावातलं आणि रानातलं सगळं धुऊन समुद्रात येतं. सिडनीत १९८९ पासून किनाऱ्यांच्या पाण्यावर सरकारी पाळत आहे. तिथे जोराच्या पावसानंतर उघड्या समुद्रावर एक दिवस आणि खाडी-बंदराच्या पाण्यात तीन दिवस उतरू नका, असं सांगतात. आपल्याला हा नियम जसाच्या तसा चालेल. पावसाळ्यात आपण तसंही समुद्रात उतरू नये, त्याचं कारण वेगळं आणि मोठं. पण ऑक्टोबरातली परतीच्या पावसाची सर, दिवाळीतला अवकाळी, यांना पर्यटक मोजत नाहीत. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी पाऊस झाला होता का?

तिसरं, भरती-ओहोटी. खाडीच्या किंवा व्हाळाच्या मुखाजवळचा किनारा असेल, तर ओहोटीला आतलं पाणी बाहेर येतं आणि भरतीला समुद्राचं पाणी त्याला मागे रेटतं. कॅलिफोर्नियातल्या साठ किनाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला एंटरोकोकाय चढलेले दिसले. उधाण वरच्या वाळूपर्यंत पोचतं आणि तिथलं धुऊन नेतं. भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांचा हिशोब आहे : तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन. सहा तास पुढे गेलं की ओहोटी. थोडा फरक पडतो, पण पोहण्याच्या कामाला पुरतो. चढत्या भरतीला, गावातल्या लोकांना विचारून, उतरावं. पाणी चांगलं मिळतं आणि ओढही कमी असते. ओहोटीचं पाणी माणसाला आत खेचतं. कोकणच्या किनाऱ्यावर दरवर्षी माणसं जातात ती बुडून जातात, जुलाबाने नव्हे. कोलिफॉर्मची काळजी करताना हे विसरू नका.

एक बारीक गोष्ट राहिली. अंगावर ताजी जखम असेल, मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल, तर कोमट खाऱ्या पाण्यात उतरू नये. व्हिब्रिओ जातीचे काही जिवाणू समुद्रात आपसूकच राहतात, त्यांना गटार लागत नाही. ते जखमेतून शिरले तर प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं. आणि वाळूतून आल्यावर मुलांचे हात धुवायला लावा, कारण ओल्या वाळूत जंतू पाण्यापेक्षा जास्त दिवस तग धरतात. भेळ खायची तर हात धुऊन. दोघांवरचा संशय निम्मा होईल.

प्रश्न : मीठ हे तर जंतुनाशक. लोणचं त्यामुळेच टिकतं. मग समुद्रात जंतू मरत कसे नाहीत? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : लोणच्यात मीठ किती घालता ते आठवा. समुद्रात ते लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास असतं. एवढ्यावर कैरी टिकवायला कुणी धजणार नाही. मिठाने कोलिफॉर्म हळूहळू मरतात, पण खरा मारेकरी ऊन. भर उन्हात, नितळ पाण्यात ते काही तासांत नव्वद टक्के संपतात. रात्री मात्र तेच दिवस-दिवस रेंगाळतात. गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही, म्हणून तिथे ते दिवसाही तगतात. वर म्हटलं की माती पोट बिघडवत नाही. पण ती जंतूंना सावली देते, एवढी पुस्ती जोडतो. म्हणूनच पहाटेचा नमुना आणि दुपारचा नमुना एकाच जागचे असूनही वेगळे बोलतात. अहवाल वाचताना नमुना किती वाजता घेतला ते बघावं.

प्रश्न : ‘ब्लू फ्लॅग’ किनारा म्हणजे पाणी निर्धोक, असं समजायचं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बऱ्याच अंशी. हे मानांकन फ्रान्समध्ये १९८५ साली सुरू झालं. आता ते डेन्मार्कमधली पर्यावरण शिक्षण संस्था देते. निकष तेहतीस, त्यांतले कितीतरी स्वच्छतागृहं, फलक, जीवरक्षक, अपंगांसाठी वाट असे. पाण्याचा निकष मात्र कडक आहे : १०० मिलिलिटरला ई. कोलाय (कोलिफॉर्ममधलीच एक जात) २५० आणि एंटरोकोकाय १०० च्या वर नकोत, आणि दोन नमुन्यांत ३१ दिवसांहून जास्त अंतर नको. एंटरोकोकाय मोजावे लागतात, हीच मला त्यातली सगळ्यात जमेची बाजू वाटते. भारतात २०२० मध्ये पहिल्यांदा आठ किनाऱ्यांना हा झेंडा मिळाला, त्यांत शेजारच्या कर्नाटकातले कासरकोड आणि पडुबिद्री होते. महाराष्ट्र-गोव्यातला एकही नव्हता. पुढे यादी वाढत गेली. झेंडा एका हंगामापुरता असतो, दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो. तेव्हा फलकावरचं साल वाचा.

प्रश्न : मे महिन्यात गोव्यात कोलव्याला पायाला काळे चिकट गोळे लागले. ते गटाराचे का? घातक का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गटाराचे नव्हेत. ते डांबरगोळे. खोल समुद्रात जहाजांच्या टाक्या धुताना किंवा तेलक्षेत्रातून सांडलेलं खनिज तेल वारा-उन्हाने घट्ट होतं, आणि मे-जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला की ते आपल्या किनाऱ्याला येऊन लागतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा माग काढून मुंबई हाय आणि तेलवाहू जहाजं, दोन्हींकडे बोट दाखवलं आहे. एकदा पाय पडला तर घाबरण्यासारखं नाही. पण मुलांना त्यांचे लाडू वळू देऊ नका, आणि पुळणीवर काळी रेघ पसरलेली दिसली तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. पाय साफ करायला रॉकेल नको, त्याने कातडी सोलवटते. खोबरेल तेल चोळा, जुन्या फडक्याने पुसा, मग साबण. फडकं किनाऱ्यावर टाकू नका.